ओकच्या रांगेपलीकडे: लुईझियानातलं ऊस-प्लँटेशन एका दिवसात कसं बघायचं

आम्ही पहिल्यांदा व्हिटनी प्लँटेशनला गेलो तो मंगळवार होता. आदल्या दिवशी ह्यूस्टनहून सहा तास गाडी चालवून न्यू ऑर्लिन्सला मुक्काम केला होता. सकाळी मागच्या सीटवर सासू-सासरे, मधे दशम्यांचा डबा, आणि तासाभराने समोर बंद फाटक. व्हिटनी मंगळवारी बंद असतं. वेबसाइटवर ते लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. सासरे (आम्ही त्यांना अप्पा म्हणतो) खाली उतरले, रस्त्यापलीकडच्या शेताकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर ऊस आहे!"

अप्पांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पस्तीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली. त्या फाटकावरच्या अर्ध्या तासात त्यांनी जे दाखवलं, त्यामुळे पुढे मी त्यांना आणि इतर पाहुण्यांना घेऊन तीनदा गेले आणि दर वेळी प्लँटेशन उसाच्या बाजूनेच बघितलं. घराचे खांब, झुंबरं, जिना यांच्या बाजूने बघणारे पुष्कळ आहेत. भारतातून आई-वडील आले आणि "इथलं काहीतरी ऐतिहासिक दाखव" म्हणाले, तर हा दिवस कसा आखायचा, ते सांगते.

मळा म्हणू नका

आपल्याकडे प्लँटेशनला सरसकट 'मळा' म्हणतात. मळा म्हटलं की विहीर, पाट, बांधावरचा आंबा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या दक्षिणेतलं प्लँटेशन म्हणजे शेती, कारखाना आणि कैदखाना यांची एकच जोडणी होती, आणि तिच्या मधोमध मालकाचं घर. व्हर्जिनियात तंबाखू, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर भात, मिसिसिपी-अलाबामात कापूस, आणि लुईझियानात मिसिसिपी नदीच्या काठाने ऊस. 1860 च्या शिरगणतीत एकट्या लुईझियानात 3,31,726 माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत.

ज्यांचं घर न्यू जर्सीत किंवा व्हर्जिनियात आहे त्यांनी इतक्या लांब यायची गरज नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन आणि जेफरसनचं मॉन्टिचेलो जवळ आहे, आणि दोन्हीकडे आता गुलामांच्या आयुष्यावर वेगळी टूर असते. तिकीट काढताना तीच मागा. चार्ल्सटनला जाणार असाल तर मॅक्लाउड प्लँटेशन बघा. मला नीट माहीत आहे तो लुईझियानाचा ऊसपट्टा, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

कुठलं निवडायचं

न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला नदीकाठाने जो रस्ता जातो त्याला रिव्हर रोड म्हणतात. त्यावर बघण्याजोगी बरीच प्लँटेशन्स आहेत, पण एका दिवसात दोनच करा. तिसऱ्याला पाय चालतात, डोकं चालत नाही.

सकाळी व्हिटनी. याबद्दल माझं मत ठाम आहे. 1752 मध्ये अँब्रॉइज हायडेल या जर्मन स्थलांतरिताने हे वसवलं. आधी नीळ, मग ऊस. पुढे न्यू ऑर्लिन्सचे वकील जॉन कमिंग्ज यांनी ते विकत घेतलं, स्वतःचा पैसा ओतला आणि डिसेंबर 2014 मध्ये संग्रहालय म्हणून खुलं केलं. संशोधनाची बाजू सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांनी सांभाळली. इथे गोष्ट गुलाम केलेल्या माणसांची आहे, आणि मालकाचं घर त्या गोष्टीतला एक थांबा आहे.

दुपारी लॉरा किंवा ओक अ‍ॅली. दोन्ही तिथून वीस मिनिटांच्या आत, व्हाशरी गावाजवळ. लॉरा हे क्रिओल, म्हणजे लुईझियानातच रुजलेल्या फ्रेंच वळणाच्या कुटुंबाचं घर, 1805 चं, भडक पिवळ्या-हिरव्या रंगांचं. तिथे पिढ्यान् पिढ्या कारभार बायकांच्या हातात होता, आणि गुलामांना राबवण्यात त्या पुरुषांपेक्षा कमी नव्हत्या, हे तिथला गाइड आडपडदा न ठेवता सांगतो. लोककथांची आवड असेल तर लॉराच घ्या. आफ्रिकेतून आलेल्या लबाड सशाच्या गोष्टी इथल्या झोपड्यांमधून 1870 च्या दशकात अल्से फोर्तिए या अभ्यासकाने टिपून घेतल्या. 'कॉम्पेर लापँ', म्हणजे ससेभाऊ. ओक अ‍ॅली म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. तिथला रस्ता आपण पुढे धरूच.

जुन्या प्रवासलेखांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांत नॉटोवे प्लँटेशनचं नाव अजून पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर दिसतं. तो अवाढव्य वाडा मे 2025 मध्ये आगीत गेला. यादी कुठल्या सालची आहे ते बघून घ्या.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर टाळा. कोकणातल्या मे महिन्याची कल्पना करा, वर डास, आणि दुपारी तीनच्या सुमाराला विजा. व्हिटनीची टूर दीड तासाची आहे आणि जवळजवळ सगळी उघड्यावर. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळही असतो. 2021 च्या ऑगस्टअखेर आयडा वादळाने व्हिटनीच्या इमारतींचं मोठं नुकसान केलं होतं. त्या महिन्यांत तिकीट काढलंच तर रद्द करता येईल असं काढा.

माझी पसंती नोव्हेंबरला. हवा मोकळी असते आणि ऊसतोड चालू असते. इथे गळीत हंगाम साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो. हिवाळ्यात अधूनमधून गोठवणारी थंडी पडते, ऊस गोठला की साखर गेली. त्यामुळे आपल्यासारखा मार्च-एप्रिलपर्यंत ऊस उभा ठेवायची चैन नाही. ऊस वाढायला जेमतेम नऊएक महिने मिळतात, मग कापायचा आणि पुढे तीन-चार खोडवे घ्यायचे. अप्पांना हे ऐकून हसू आलं, कारण त्यांच्या भागात अठरा महिन्यांचा आडसाली ऊस मानाचा. पण ही थंडीची घाई लक्षात ठेवा. प्लँटेशनवर माणसं रात्रंदिवस का राबवली गेली, याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

पोचायचं कसं

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर न्यू ऑर्लिन्सहून इंटरस्टेट 10 पश्चिमेला धरा. विमानतळ मागे पडला की रस्ता दलदलीवरून लांबच लांब पुलावर चढतो. पुढे ग्रामर्सीजवळ मिसिसिपीवरचा मोठा पूल ओलांडला की पलीकडच्या काठावर पाच-दहा मिनिटांत व्हिटनी. एकूण ऐंशीएक किलोमीटर, तास-सव्वातास. जीपीएस कधीकधी अलीकडच्याच काठावर नेऊन सोडतो आणि मग समोर नदी, पलीकडे प्लँटेशन, अशी गंमत होते. म्हणून पत्ता टाकल्यावर 'वेस्ट बँक' आहे ना, ते नकाशावर बघा.

गाडी नसेल तर बसची टूर घ्या. न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांजवळून उचलतात, पाच-सहा तासांत परत आणून सोडतात, तिकीट त्यातच असतं. दोन प्लँटेशन्सची पूर्ण दिवसाची टूरही मिळते. काढण्याआधी एकच गोष्ट तपासा: व्हिटनीवर *गाइडबरोबरची* फेरी आहे की फोनवर ऐकत एकट्याने फिरायचं आहे. एकदा मी घाईत दुसऱ्या प्रकारचं तिकीट काढलं. माहिती सगळी मिळाली, पण आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) प्रश्न मनातच राहिले.

उबर करून जाऊ नका. जायला मिळेल, यायला मिळणार नाही. उसाच्या शेतांमधे कोणी ड्रायव्हर तुमची वाट बघत बसलेला नसतो.

प्रवेशाचं तिकीट माणशी साधारण 25 ते 35 डॉलर धरा. ते आधीच ऑनलाइन काढा, कारण गाइडच्या फेऱ्यांत जागा मोजक्या असतात. सकाळची पहिली फेरी घ्या. म्हातारी माणसं बरोबर असतील तर चालण्याबद्दल आणि व्हीलचेअरबद्दल आधी फोन करून विचारा. वाटा बऱ्याचशा सपाट आहेत, पण पाऊस पडून गेल्यावर चिखल होतो, आणि चपला घालून गेलं की पायाला लाल मुंग्या चावतात. बंद बूट, टोपी, डासांचं मलम, पाण्याची बाटली. छत्री उन्हासाठीही चालते.

शाकाहारी असाल तर डबा घ्याच. गंबो नावाच्या इथल्या रश्श्यात कोंबडी, सॉसेज किंवा कोळंबी असते. राजमा-भातासारखा दिसणारा 'रेड बीन्स अँड राइस' बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला असतो. आपलं म्हणून निर्धास्त खाता येतं ते प्रलीन, साखर, लोणी आणि पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा) यांची वडी. चिक्की आणि खव्याची वडी यांच्या मधलं काहीतरी.

निघण्याआधी घरी बोलून घ्या

हे कोणी सांगत नाही, पण तिकिटापेक्षा महत्त्वाचं आहे.

आपल्या आधीच्या पिढीच्या तोंडी 'नीग्रो' आणि 'हबशी' हे शब्द सहज असतात. शाळेच्या पुस्तकातच तसे होते, मनात वाईट काही नसतं. पण मराठी वाक्याच्या मधेच आलेला पहिला शब्द शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बरोबर ऐकू जातो. आणि इथे तुमच्या गटात त्याच माणसांचे पणतू-खापरपणतू असतात. आदल्या रात्री जेवताना हळूच सांगून ठेवा. मी "आई, तिथे 'कृष्णवर्णीय' म्हणा" असं सांगितलं. आई म्हणाल्या, "बोलायलाच अवघड. मी आपली 'ती माणसं' म्हणेन." तेही चाललं.

गाइड 'स्लेव्ह' न म्हणता 'एन्स्लेव्ड पीपल' म्हणतो, ते कानावर पडेल. गुलाम असणं हा माणसाचा गुण नाही, कोणीतरी त्याला गुलाम केलं, एवढाच त्यातला फरक. मी भाषांतर करून सांगताना 'गुलाम केलेली माणसं' म्हणायला लागले. पहिल्या दहा मिनिटांत जीभ अडखळते, मग सवय होते.

सासऱ्यांना इतिहासात रस आणि सुनेला रविवारची झोप प्यारी, असं घर असेल तर गाडीत सांगायला एक धागा आहे. अमेरिकेत 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली. आठ वर्षांनी, 1873 मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या त्या चळवळीतल्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे पुण्यात बसून एका माणसाने या नदीकाठाशी नातं जोडून ठेवलेलं आहे. आपण तिथे अगदीच परके म्हणून जात नाही.

मुलांचं काय? दहाच्या पुढची असतील तर न्या, आणि आधी साध्या शब्दांत सांगा: माणसं विकली जायची, आई इथे आणि मूल तिकडे असं व्हायचं. त्याहून लहान मुलांना मी नेणार नाही. व्हिटनीत एक स्मारक असं आहे की ते बघून माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने परतीच्या वाटेत एक शब्द काढला नाही.

व्हिटनीत काय, कुठे, किती वेळ

सुरुवातीला हातात एक कार्ड मिळालं तर ते खिशात घालू नका. त्यावर एका माणसाचं नाव आणि त्याचे शब्द असतात. 1936 ते 1938 च्या दरम्यान सरकारी लेखक-प्रकल्पात गुलामीतून सुटलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. सुटका झाली तेव्हा ती बरीचशी लहान मुलं होती. म्हणून चर्चमध्ये शिरल्यावर बाकांजवळ आणि जमिनीवर मुलांचे पुतळे दिसतात, वुड्रो नॅश या शिल्पकाराचे. डोळ्यांच्या जागी पोकळी आहे. हे लाकडी चर्च मुक्त झालेल्या लोकांनी 1870 मध्ये नदीपलीकडे बांधलेलं, नंतर इथे आणलं. इथे बसायला मिळतं, तेव्हा म्हाताऱ्यांना बसू द्या. पुढे तासभर बसायला फारसं नाही.

मग नावांच्या भिंती. पहिल्या भिंतीवर याच प्लँटेशनवर राबलेल्या साडेतीनशेहून जास्त माणसांची नावं आहेत. गाइड पुढे सरकला तरी तुम्ही एक दगड निवडून नीट वाचा. नाव, जन्माचं साल, कुठल्या जमातीचा, काय काम येत होतं. बंबारा, काँगो, मिना. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, अशी तीन पदरांची ओळख असलेल्या आपल्या माणसाला ती रिकामी जागा लगेच दिसते. आईंनी बोट फिरवत विचारलं, "याच्या पुढचं कुठे लिहिलंय?" पुढचं नव्हतंच.

पुढच्या रांगांत सबंध लुईझियानातल्या 1,07,000 माणसांची नावं आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी कचेऱ्यांतली जुनी कागदपत्रं उपसून जी नोंद तयार केली तिच्यातून घेतलेली. इथे सगळं वाचायला जाऊ नका. चालत जा, भिंत संपायला किती वेळ लागतो तेवढं बघा.

त्यानंतर मुलांचं स्मारक. या एका परगण्यात गुलामीत जन्मून तिसऱ्या वर्षाच्या आत गेलेली 2,200 मुलं, त्यांची नावं, आणि मधे मृत बाळ उचलून घेणारी काशाची देवदूत. भाचा गप्प झाला तो इथे. आणखी एक जागा आहे, 1811 च्या बंडाची. 8 जानेवारी 1811 ला चार्ल्स डेलाँद याच्या पुढारपणाखाली शेकडो माणसं हत्यारं घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाली. बंड दोन-तीन दिवसांत चिरडलं गेलं आणि मारलेल्यांची मुंडकी नदीकाठाने खांबांवर लावली. त्या मुंडक्यांची शिल्पं इथे मांडली आहेत. ती वाटेपासून थोडी बाजूला आहेत, मुलं बरोबर असतील तर टाळता येतात.

झोपड्यांत शिरल्यावर मोजा: दोन खोल्या, मधे चुलीची भिंत, दोन कुटुंबं. पुढे लोखंडी पिंजऱ्यासारखी कोठडी आहे. ती इथली नाही आणि 1868 ची आहे, म्हणजे गुलामी संपल्यानंतरची. गाइडने सांगितलं नाही तर विचारा की मग ती इथे का. उत्तर असं की गुलामी संपली तरी माणूस याच शेतांवर राहिला, मालकाच्या दुकानातून उधारीवर पीठ-मीठ घेत, आणि ती उधारी कधी फिटत नसे. आपल्याकडच्या उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्यांची आठवण मराठी माणसाला इथे येतेच. दोन्हींत फरक खूप मोठा आहे, एकाला दुसऱ्याच्या तराजूत घालू नका. पण आठवण आली तर दडपूही नका. भिंतीवर टांगलेला ऊस तोडायचा सुरा बघा. पातं रुंद, आणि पाठीला छोटा आकडा, पाचट ओढून काढायला. अप्पा म्हणाले, आपल्या कोयत्याला हा आकडा असता तर बायकांचे हात कमी कापले असते.

कढयांपाशी थांबा

बहुतेक लोक इथून फोटो काढून पुढे जातात. बिडाच्या मोठ्या, अर्धगोल कढया, पावसाचं पाणी साठलेल्या. माझ्या मते अख्ख्या दिवसात सर्वांत जास्त वेळ द्यायची जागा हीच.

अप्पांनी कढईच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही काहील नव्हे. आपली काहील पसरट, उथळ. ही खोल आहे. का खोल, सांग." मग त्यांनीच सांगितलं. गुऱ्हाळावर एका काहिलीत रस शेवटपर्यंत आटवून गूळ करतात. इथे साखरेचे दाणे पाडायचे होते. म्हणून चार-पाच कढया एका रांगेत, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली एकच जाळ. आग सर्वांत लहान कढईखाली, आणि तिची झळ भुयारासारख्या नळीतून बाकीच्यांखालून धुराड्याकडे जायची. रस मोठीत पडायचा. चुना घालून मळी वर आणायची, काढायची (आपल्याकडे यासाठी रानभेंडीचा चीक वापरतात), आणि मग लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत. जसजसा दाट होईल तसतसा लहान कढईत, जास्त कडक जाळावर. शेवटच्या कढईशी उभ्या असलेल्या माणसाला नेमका क्षण ओळखावा लागायचा. आपला गुळव्या पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, इथला माणूस अंगठा आणि बोट यांच्यात तार ओढून बघायचा. दोन्हीकडे तो क्षण चुकला की दिवसाची मेहनत वाया.

आता यात माणूस घाला. तोडलेला ऊस दोन दिवस पडला की साखर उतरते. थंडी डोक्यावर. म्हणून हंगामात चरक आणि चुलाणं रात्रभर चालू, अठरा-अठरा तासांच्या पाळ्या. पेंगलेला हात चरकाच्या लाटांत गेला, उकळता पाक अंगावर सांडला, हे नेहमीचं. ऊसपट्ट्यात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. माणसं कमी पडली की व्हर्जिनिया-मेरीलँडकडून विकत आणायची. तिकडच्या माणसाला 'नदीच्या खाली विकेन' ही धमकी पुरायची, ती याच कढयांमुळे.

आणि इथेच एक नाव सांगायला विसरू नका, गाइड नेहमी सांगतोच असं नाही. नॉर्बेर रिल्यू. न्यू ऑर्लिन्सला 1806 मध्ये जन्मला, वडील गोरे, आई कृष्णवर्णीय, स्वतः स्वतंत्र. पॅरिसला जाऊन इंजिनिअर झाला. त्याने बघितलं की एका भांड्यातली वाफ फुकट जाते. ती पुढच्या भांड्याला द्यायची, आणि त्या भांड्यात निर्वात करायचं म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. कोळसा-लाकूड वाचतं, साखर करपत नाही, आणि उकळत्या रसाच्या पळ्या उचलणारी माणसं वाचतात. 1843 मध्ये पेटंट. आज कोल्हापूर-सांगलीपासून नगरपर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, चार-पाच 'बॉडी' (रस आटवायची बंद भांडी) ओळीत उभ्या असलेला इव्हॅपोरेटर दिसतो. तत्त्व त्याचंच. अप्पांनी आयुष्यभर त्या बॉड्यांचं तापमान नोंदवलं होतं, नाव मात्र पहिल्यांदा ऐकलं. रात्री हॉटेलवर आल्यावर त्यांनी गावाकडच्या जुन्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाट होती, आणि पहिलं वाक्य: "आपल्या क्वाडचा मूळपुरुष सापडला." (क्वाड म्हणजे चार बॉड्यांचा इव्हॅपोरेटर.)

मोठं घर आणि गाइडला प्रश्न

मालकाचं घर शेवटी येतं. उंच जोत्यावर, चारी अंगांनी हवा खेळेल असं, पुढे लांब सोपा. स्वयंपाकघर वेगळं, आगीच्या भीतीने. कधीकधी दुरुस्तीसाठी ते आतून बंद असतं, तिकीट काढताना विचारा. नसलं बघायला मिळालं तरी फार बिघडत नाही.

आईंनी तिथे विचारलं, "मालक चांगला होता का?" मी हे इंग्रजीत विचारायला कचरत होते, पण विचारलं. गाइडला तो प्रश्न रोजचा असावा. तिने मालमत्तेच्या यादीची नक्कल दाखवली. मालक वारला की अशी यादी व्हायची: इतके बैल, इतक्या कढया, आणि त्याच कागदावर माणसं, नाव, वय, किंमत. एवढं दाखवून ती थांबली. आईंना मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुम्ही हे विचारा: इथल्या कुटुंबांचे वंशज आज कुठे आहेत? व्हिटनीचं उत्तर ऐकण्याजोगं आहे. या घरातल्या मालकिणीच्या भावापासून ॲना नावाच्या गुलाम मुलीला झालेला मुलगा व्हिक्टर. त्याच्या वंशातल्या सिबिल हायडेल मोरियल या पुढे न्यू ऑर्लिन्सच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या पत्नी. वंशज आजही याच गावांत राहतात. येताना दिसलेल्या रिफायनऱ्या आणि रसायन कारखाने त्यांच्याच घरांशेजारी आले आहेत. व्हिटनीच्या शेजारच्या वॉलेस गावातल्या लोकांनी धान्याच्या एका प्रचंड गोदामाला वर्षानुवर्षं विरोध केला, आणि 2024 मध्ये कंपनीने तो प्रकल्प सोडला.

फेरी संपल्यावर गाइडला टिप द्या, माणशी पाच डॉलर तरी.

दुपार: ओक अ‍ॅली

आधी जेवा. डबा गाडीशेजारी उघडला तर कोणी हटकत नाही, आवारात मात्र विचारून.

मग ती झाडं. अठ्ठावीस ओक, दोन रांगा, घरापासून नदीच्या बांधापर्यंत सुमारे 240 मीटरची कमान. सुंदर आहेत, वाद नाही. घराच्या कितीतरी आधी कोणीतरी लावली. घर 1837 ते 1839 मधलं, बांधणारे हात गुलामांचे. फोटो काढायचा तर इथे काढा, निघण्याआधी, ऊन तिरपं व्हायला लागल्यावर. झोपड्यांसमोर हसून उभं राहू नका. आणि एरवी लग्नाआधीच्या फोटोंसाठी ही जागा सुचवणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं असतं की आधी व्हिटनी बघून ये, मग ठरव. घराची फेरी दागदागिने-पंखे-जेवणाच्या टेबलाची आहे. ती कंटाळवाणी वाटली तर मला दोष देऊ नका. बाहेरच्या पुन्हा उभारलेल्या झोपड्यांमधलं प्रदर्शन जास्त बोलकं आहे. मिंट जुलेप नावाचं पुदिन्याचं गार पेय मिळतं. त्यात व्हिस्की असते, सरबत समजून आजोबांच्या हातात देऊ नका.

इथे एक नाव शोधा: अँतवान. गुलाम, बागेचं काम करणारा. 1846 च्या हिवाळ्यात त्याने पेकानच्या झाडावर कलम बांधून दाखवलं. त्याआधी पेकानला चांगल्या जातीचं फळ हमखास मिळवायची रीत बसली नव्हती. त्याच्या कलमांची फळं 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस घेऊन आली, जातीला 'सेंटेनियल' नाव मिळालं. अँतवानचं आडनाव कोणाला माहीत नाही. कलमाचं मोल माहीत असलेल्या कोकणातल्या पाहुण्यांना मी ही गोष्ट नेहमी झाडाखालीच सांगते.

निघताना रस्ता ओलांडून गवताच्या बांधावर चढा. याला इथे लेव्ही म्हणतात. दिवसभर तुम्ही मिसिसिपीच्या काठाने फिरत असता आणि नदी एकदाही दिसत नाही, या बांधामुळे. वर चढलं की मातकट, रुंद, संथ पाणी, आणि त्यावरून जाणारी धान्याची आणि तेलाची जहाजं. घरांची तोंडं नदीकडे का, तेही इथे कळतं: तेव्हा नदी हाच रस्ता होता. जमिनी नदीपासून मागच्या दलदलीपर्यंत लांबट, अरुंद पट्ट्यांत कापलेल्या, म्हणजे प्रत्येकाला थोडा तरी काठ मिळावा. साखरेची पिंपं इथूनच उतरायची, आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात विकत घेतलेली माणसं इथूनच चढायची.

साडेतीनच्या आत परत निघा. त्यानंतर इंटरस्टेटवर कारखाने सुटल्याची गर्दी लागते. नोव्हेंबर असेल तर ग्रामर्सीच्या पुलावरून खिडकी खाली करून बघा. शेतं पेटवलेली असतात, पाचट जाळलेल्याचा वास गाडीत येतो. अप्पांनी डोळे मिटून तो घेतला आणि म्हणाले, "जयसिंगपूर." मग बराच वेळ गप्प बसले. ते सकाळचं कार्ड अजून त्यांच्या हातात होतं.